परत न गेलेली बाटली

आमच्या पडवीत शिरताना डाव्या हाताला एक फळी होती आणि तिच्यावर कायम दहापंधरा बाटल्या असायच्या. औषधाच्या रिकाम्या, सरबताच्या, एखादी रॉकेलची घासूनपुसून घेतलेली. एकदा तर शाईची दौतसुद्धा आली होती. सगळ्यांत खोबरेल तेल. प्रत्येकीच्या गळ्याला काहीतरी बांधलेलं असे, कुणाची चिंधी, कुणाचा सुंभ, कुणाची बुटाची जुनी नाडी, म्हणजे कुठली कुणाची ते कळावं. माझे वडील हाडं बसवायचे. त्यांना मी आणि अख्खा गाव बापू म्हणत असू. भात होतं, आंब्याची तीसेक कलमं होती, पोट त्यावर चालायचं. हाडांचं काम त्यांच्या वडिलांकडून आलेलं, आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत हेही त्यांच्याकडूनच आलेलं. दुखणाइताने फक्त आपलं तेल आपण आणायचं. बापू त्यात निर्गुडीचा पाला कढवायचे, आणि तो वास आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, आईच्या म्हणण्याप्रमाणे आमटीलासुद्धा यायचा. "लग्न करून आले तेव्हा वाटलं दोन दिवसांनी सवय होईल," ती म्हणायची, "आता तीस वर्षं झाली, अजून वाट बघत्येय."

या बाटल्यांचा एक रिवाज होता, आणि पाचसहा गावांत तो सगळ्यांना पाठ होता. दुखऱ्या अंगासमोर वाईट शब्द काढायचा नाही असं बापूंचं ठाम मत. अंग ऐकतं, म्हणायचे. म्हणून कुणाचाही हात-पाय पाहून झाला की ते एवढंच म्हणत, "बरं. बाटली ठेव फळीवर." माणूस घरी जाई. आपल्या हाताने बरं होण्यातलं असेल तर बापू बाटली ठेवून घेत. नसेल तर दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत ती बाटली, न उघडता, होती तशी भरलेली, त्या माणसाच्या घरी परत जाई. परत आलेली बाटली म्हणजे हे माझ्या हातचं नाही, सिव्हिलला न्या, नाहीतर मुंबईला न्या. बोलायचं काही नाही, विचारायचं काही नाही. आणि एकदा बाटली परत गेली की त्या अवयवाबद्दल बापू पुन्हा अवाक्षर काढत नसत. तो आता दुसऱ्याच्या हातातला झाला, असं ते धरत.

बाटल्या परत पोचवायचं काम माझं. सात-आठ वर्षांचा होतो तेव्हापासूनचं. त्या कामाने मला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. हातात बाटली घेऊन पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना मी दिसलो की बायका अंगणातलं काम टाकून आत जायच्या, जणू मी उंबऱ्याशी पोचलोच नाही तर बातमीही पोचणार नाही. मला त्याचा रागही यायचा आणि थोडी ऐटही वाटायची. एकोणीस वर्षांचा झालो तोवर बापूंनी मला हाताखालीसुद्धा घेतलं होतं. "आधी धडका पाय," ते सांगायचे. "दुखऱ्याला हात लावायचा तो धडक्याला विचारून." प्रत्येक माणसाचा सांधा वेगळा, कुणाचा ढिला, कुणाचा आवळ, त्याचा चांगला पाय कसा आहे ते बोटांना आधी कळलं पाहिजे, मगच वाईट पायात काय बिघडलंय ते कळतं. माझी बोटं बरी होती. हे मी फुशारकीने सांगत नाही. बोटं बरी नसती, तर पुढचं सांगताना मला आज एवढी मान खाली घालावी लागली नसती. कळलंच नव्हतं, असं म्हणता आलं असतं.

वसंता बंदरवाडीतला. त्याचे वडील समुद्रात बुडून गेलेले, थोरला भाऊ मुंबईत गोदीत कामाला. घरी आई आणि तो, आणि एक होडी. माझ्याच वयाचा, आणि गावात माझ्याच उंचीचा तो एकटाच. आमच्या गावात साडेपाच फुटांवर गेला की माणसाला लांबडा म्हणतात. आम्ही दोघे सहा फुटांना टेकलेले. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवायची तर पुढे एक आणि मागे एक असे दोघे लागतात, आणि दोघांचे खांदे एका पातळीत लागतात, नाहीतर देवाचे मुखवटे एका अंगाला घसरतात. मागच्या दोन शिमग्यांपासून म्हातारे आम्हा दोघांना एकत्र बोलवायला लागले होते. आम्ही एकमेकांच्या श्वासावर नाचायचो. ढोलाने ठेका बदलला की गुडघ्यात बसायचं, तसंच गर्रकन फिरायचं, उठता उठता दांडा या खांद्यावरून त्या खांद्यावर. लोक ओरडायचे. मुंबईचे चाकरमानी, त्यांच्या मनगटी घड्याळं घातलेल्या बहिणी, सगळे सहाणेभोवती, म्हणजे पालखी टेकवतात त्या चौथऱ्याभोवती, दाटीवाटीने उभे असायचे. वर्षातले ते दोन तास सोडले तर माझ्याकडे कुणी दुसऱ्यांदा वळून पाहावं असं माझ्यात काही नव्हतं. मॅट्रिकला दोनदा आपटलेला, कलमांना पाणी घालणारा एक लांबडा मुलगा. वसंता नसला तर माझ्या उंचीला जोड नाही, म्हणजे मीही दांड्याखाली नाही. हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

त्या वर्षी थंडीत वसंता होडीतून खडकावर उडी मारायला गेला. पाय दोन खडकांच्या खाचेत रुतला आणि दोर हातात असल्याने वरचा वसंता होडीबरोबर वळला. गुडघ्यात लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला, तो शेजारच्या होडीतल्या माणसाने ऐकला. तासाभरात गुडघा फणसाएवढा सुजला. पंधरा दिवस तो अंथरुणात होता. मग सूज उतरली, दुखणं गेलं, तो चालायला लागला, आणि सगळे म्हणाले, झालं, लचकला होता. फक्त मधूनच, वाकड्यात पाऊल पडलं की गुडघा त्याला न विचारता बाजूला जायचा. "सटाकतो रे," तो मला म्हणाला. "दुखत नाय कायपन. नुसता सटाकतो. जसा काय माजा नायच." होळीला आठ दिवस राहिले होते तेव्हा काकीने, म्हणजे त्याच्या आईने, त्याला आमच्याकडे धाडला. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली, गळ्याला जाळ्याचा निळा दोरा.

आईने त्या दिवशी ओल्या काजूंची उसळ केली होती आणि काजू सोलून तिची बोटं डिंकाने काळी झाली होती. वसंताला तिने आधी ताट वाढलं. त्याने उसळ दोनदा मागून घेतली. मग बापूंनी त्याला पडवीतल्या बाकावर उताणा निजवला. आधी धडका पाय. गुडघा दुमडून पाऊल बाकावर टेकवलं, त्या पावलावर स्वतः हलकेच बसले, आणि दोन्ही हातांनी पोटरीचा वरचा भाग धरून नडगी स्वतःकडे ओढली. मग मला म्हणाले, "बघ." मी त्यांच्या जागी बसलो. नडगी जराशी पुढे आली आणि टक्कन थांबली, आत कुणीतरी दोरी ताणून धरल्यासारखी. मग दुखरा पाय. तसंच दुमडून, तसंच धरून ओढली, आणि ती पुढे आली, येतच राहिली. टेबलाचा खण ओढावा तशी. शेवटी थांबली ती मऊ, चिखलात पाय थांबतो तशी. त्या सरकण्याला तो टक्कन थांबा नव्हता. मी वर पाहिलं तर बापू माझ्याकडे पाहत होते. माझ्या बोटांना काय कळलं ते त्यांना कळलं होतं.

"बरं," बापू म्हणाले. "बाटली ठेव फळीवर."

"शिमग्याला नाचंन ना, बापू?" वसंताने बाकावरून उठत हसत विचारलं.

"बाटली ठेव," बापू पुन्हा म्हणाले.

आता या सगळ्याला नावं आहेत. परवा माझाच गुडघा दाखवायला गेलो होतो, तिथल्या पोरसवदा डॉक्टराने पडद्यावर आतली सगळी चित्रं दाखवली आणि मधल्या दोन दोऱ्या एकमेकींना फुलीसारख्या कशा आडव्या जातात ते सांगितलं. मग माझ्या पावलावर बसून त्याने नडगी पुढे ओढली, अगदी बापू ओढायचे तशी. माझी टक्कन थांबली. "तुमची दोरी अजून मस्त आहे, आजोबा," तो म्हणाला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बापूंनी फळीवरून निळ्या दोऱ्याची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. "आतली दोरी गेलीय त्याची," एवढंच म्हणाले. "सरळ चालंल. वळला की जाईल. मुंबईस न्यायला हवा." मी निघालो. आमच्या घरापासून बंदरवाडी म्हणजे जांभ्याच्या पाखाडीने वीसेक मिनिटं. अर्ध्यावर एक रातांब्याचं झाड आहे, अजून आहे. तिथे मी थांबलो. वाडीतून ढोलाचा आवाज येत होता, पोरं सराव करत होती. मी त्या झाडाखाली किती वेळ उभा होतो मला सांगता येणार नाही, पण काय विचार केला ते मात्र शब्दाला शब्द आठवतंय. आठच दिवसांचा तर प्रश्न आहे. एवीतेवी तुटलेलीच आहे, आठ दिवसांत आणखी काय तुटणार. शिमगा झाला की दुसऱ्या दिवशी मी स्वतः बाटली पोचवीन आणि उशीर झाला म्हणून बापूंच्या शिव्या खाईन. एवढं सोपं होतं ते. मी मागे फिरलो, गोठ्याच्या बाजूने घरात शिरलो आणि माळ्यावर चढून गवताच्या थरात बाटली खोल खुपसून ठेवली.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक. संध्याकाळी बापूंच्या कढवलेल्या तेलातलं थोडं एका लहान कुपीत काढून घेतलं आणि वसंताकडे गेलो. तो अंगणात बसला होता, काकी सुकट निवडत होती. मी येताना तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं. बाटली नव्हती. तिचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, बरंच केलं मी. मी म्हणालो, "बापूंनी सांगितलंय, हे रात्री लाव आणि दिवसा पट्टा बांध. बाकीचं चोळणं शिमगा झाल्यावर." जुन्या धोतराचा पट्टा फाडून नेला होता, तो मी स्वतःच्या हातांनी बांधला, वाटीच्या वर दोन फेरे, खाली दोन फेरे. वसंता उठून उभा राहिला. "आवळ वाटताय," तो म्हणाला. पट्ट्याने गुडघा बाहेरून आवळ वाटतो. आतून तो जसा ढिला होता तसाच राहतो. हे मला ठाऊक होतं.

पालखीचा दिवस. सकाळी घराघरांतून ओट्या भरून झाल्या, पुरणपोळ्या झाल्या, आणि ऊन जरा कलल्यावर पालखी सहाणेवर आली. ढोल, ताशे, सनई. गुलाल एवढा की दातांत करकर लागत होता. आम्ही दोघांनी दांडा घेतला, वसंता पुढे, मी मागे. त्याच्या पाठीवर घामाने सदरा चिकटला होता तो मला अजून दिसतो. पहिला ठेका साधा होता, तो छान नाचला. दुसऱ्याला आम्ही बसलो, उठलो. मला वाटलं, बघा, काहीसुद्धा झालं नाही. तिसऱ्याला ढोल चढला, लोक ओरडायला लागले, आम्ही गुडघ्यात बसलो आणि फिरलो. मी फिरलो. वसंताचं पाऊल जांभ्यावर रोवलेलंच राहिलं आणि वरचा माणूस पालखीसकट वळला.

दांडा पुढून एकदम खाली गेला. वसंता त्याच गुडघ्यावर कोसळला होता, पाय आत दुमडून, आणि कोसळतानाही त्याने दोन्ही हातांनी दांडा डोक्याच्या वर उचलून धरला होता. देवाला जमीन लागू द्यायची नाही. हात सोडून तो बाजूला पडला असता तर गुडघ्यावर नुसतं त्याचं वजन आलं असतं. सोडले नाहीत म्हणून त्याचं, पालखीचं आणि माझ्या ओढीचं असं सगळंच आलं. "पालखी घ्या," तो ओरडत होता. "पालखी घ्या आदी." चौघे धावले, दांडा घेतला. मग तो आडवा झाला. गुडघा अर्धवट वाकलेला, तिथेच अडकलेला, सरळ होईना. बापू गर्दीतून पुढे आले. त्यांनी बांबूच्या दोन कांबी लावून पाय आहे तसा बांधला. माझा पट्टा सोडताना त्यांनी गाठीकडे पाहिलं, पण गाठ कुणीही मारू शकतं. ढोल थांबले होते. आमच्या गावात पालखी मध्येच थांबल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

घरी जेवताना बापू आईला म्हणाले, "बाटली परत गेली होती त्याची. तरी दांड्याखाली शिरला. स्वतःचा पाय घालवलान तो घालवलान, देवालाही खाली आणणार होता." त्यांच्या आवाजात मी कुणाबद्दलही इतका तिटकारा ऐकला नव्हता. मी पुरणपोळीवर दूध घेतलं आणि जेवलो. हो, जेवलो. पुढच्या दिवसांत बंदरवाडीत वेगळंच बोललं जाऊ लागलं. बाटली ठेवून घेतली म्हणजे बरा होणार असं बापूंनी सांगितलं होतं, आणि झालं काय? म्हाताऱ्याच्या हाताचा गुण गेला. बापूंच्या कानांवर ते आलंच असणार, पण बाटली परत गेलेल्या पायाबद्दल गावात अवाक्षर काढायचं नाही हा त्यांचाच रिवाज होता. काकीकडून आमच्याकडे दर बाजाराला मासळीचा वाटा यायचा तो यायचा थांबला. फळीवरच्या बाटल्या दहाच्या पाच झाल्या, पाचाच्या दोन. आणि वरच्या वाडीत तिसरंच चाललं होतं, की पोराने काहीतरी बाटवलं असणार, शिवाशिव पाळली नसणार, त्याशिवाय देव असा भर सहाणेवर कुणाला गुडघ्यावर आणत नाही. तीन ठिकाणी तीन गोष्टी चालल्या होत्या आणि तिन्ही खोट्या आहेत हे गावात एकट्या मला माहीत होतं. मी कुणाचंच खोडलं नाही.

वसंताला मुंबईला न्यायचं ठरलं तेव्हा सोबत मी गेलो. लोकांनी वाहवा केली, मित्र असावा तर असा. भावाच्या पाळ्या असायच्या म्हणून इस्पितळात त्याच्या खाटेशी मीच असे. मोठे डॉक्टर पांढऱ्या केसांचे, गोष्टीवेल्हाळ होते. त्यांनी स्वतःची दोन बोटं एकमेकांवर फुलीसारखी धरून दाखवली. "तुम्हाला वाटतं गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. बिजागरी नुसती मिटते-उघडते. गुडघा थोडा फिरतो, थोडा पुढेमागे सरकतो. किती सरकायचं ते ही पुढची दोरी ठरवते. ती तुटली की सरळ चालता येतं, पण वळलं की वरचं हाड एकीकडे आणि खालचं दुसरीकडे."

"म्हंजे नांगराची दोरी," वसंता म्हणाला. "तुटली तरी वारा नसंल तवर होडी जाग्यावरच ऱ्हाते."

डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी सांगितलं की वाटीखाली जी रुंद वादी असते तिची मधली पट्टी काढायची, दोन्ही हाडांना भोकं पाडायची आणि ती पट्टी त्यांतून ओवून नवी दोरी करायची. सहा आठवडे प्लास्टर. पाय पुरता वाकेल असं नाही. "दोरी मी करून देईन," ते म्हणाले, "पण दोन हाडांच्या मध्ये एक गादी असते, ती फाटून सांध्यात अडकली आहे. ती काढून टाकावी लागणार आणि ती काही परत येत नाही. पहिल्यांदा लागलं तेव्हा नुसती दोरी गेली असणार. गादी गेली ती या दुसऱ्या खेपेला. मधल्या काळात का नाही आलास रे? कुणी चोळून बरं करतो म्हणून सांगितलं का?"

"आमच्याकडं बापू हायत," वसंता म्हणाला. "बरा होनार नसंल तर ते बाटली परत धाडतात. माजी परत नाय आली." तो डॉक्टरांना समजावून सांगत होता, तक्रार करत नव्हता. "बापूंची चूक नाय ती. माणसाच्या हातून व्हतां कंदीकंदी." मी खाटेच्या लोखंडी पायाला टेकून उभा होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "हा कोण?" आणि वसंता म्हणाला, "बापूंचा मुलगा. त्यानंच आनलान मला."

आम्ही परत आलो तेव्हा आंबा उतरायला लागला होता. वसंताचं प्लास्टर निघालं होतं, पाय काठीसारखा बारीक आणि ताठ. कुबड्या होत्या. होडीवर उभं राहायचं तर माणूस सरळ उभा राहत नाही, लाटेगणिक पायावर वळत असतो. ते आता त्याला जमणार नव्हतं, आणि पुढेही कधी जमलं नाही. होडी त्यांनी दुसऱ्याला चालवायला दिली. आमच्या घरी आंब्याच्या अढ्या लावायचं काम सुरू झालं. अढीला खाली-वर गवत लागतं, आणि गवत माळ्यावर. ही गोष्ट मी इतक्या दिवसांत एकदाही लक्षात आणली नव्हती. दर उन्हाळ्यात ते गवत खाली येतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. लपवलेलं विसरून जाण्यात मी तरबेज झालो होतो एवढंच. बापू सकाळी माळ्यावर चढले, गवताचा भारा खाली टाकला, दुसरा टाकला, आणि मग बराच वेळ काही आलं नाही. उतरले तेव्हा त्यांच्या हातात निळ्या दोऱ्याची बाटली होती. तेल घट्टही झालं नव्हतं, होतं तसं, गळ्यापर्यंत भरलेलं. आई आंबे पुसत होती तिचे हात थांबले. बापूंनी मला मारलं असतं तर फार बरं झालं असतं. त्यांनी बाटलीवरचं गवत धोतराने पुसलं, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोचव."

वसंता खोपीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसला होता, पाय पुढे पाटावर. त्याने बाटली हातात घेतली, दोरा पाहिला. गाठ त्यानेच मारलेली.

"कुटं व्हती?"

"माळ्यावर. गवतात."

"बापूंस ठाऊक व्हतां?"

"आज सकाळी कळलं."

"तवा त्यांनी परत धाडलनी व्हती."

"हो."

जाळ्याची सुई त्याच्या बोटांत तशीच राहिली. मी येताना वाटभर शब्द जुळवले होते, चुकलो, माफ कर, मारून टाक मला, असलं काहीतरी. त्यातला एकही तोंडातून फुटेना. शेवटी त्याने बाटली बाजूला ठेवली. "बापूंस सांग, बाटली पोचली," तो म्हणाला. "आनि जा आता. मला ह्या जाळां आज पुरा करायचा हाय."

चार दिवसांनी देवळात गावकी बसली. उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेले चाकरमानी परत जायच्या आत शिमग्याचा निकाल लावायचा होता. तात्या, आमच्या पालखीचे थोरले मानकरी, खांबाला टेकून बसले होते. त्यांनी सरळच विचारलं. पालखी थांबली. कुणाचं काय चुकलं? बंदरवाडीतला एकजण म्हणाला, बापूंनी बाटली ठेवून घेतली, आमचा पोर त्यांच्या शब्दावर दांड्याखाली गेला. वरच्या वाडीतून आवाज आला, हाताला गुण उरला नसेल तर फळी काढून टाका. कुणीतरी हसलं. बापू माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, उठायच्या बेताने, पण उठून काय सांगणार होते? बाटली परत पाठवली होती म्हणाले असते, तर कुणाच्या हाती, हा पुढचा प्रश्न होता. ते तसेच अडकले, अर्धवट उठलेले, आणि तेवढ्यात समोरून कुबडीचा आवाज आला.

वसंता उभा राहिला होता. ताठ पाय पुढे टाकून, एका हाताने खांब धरून. "बापूंनी बाटली परत धाडलनी व्हती," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी आली. मीच दडवून ठेवलंय, आयशीलापन सांगितलंय नाय. मला नाचायचा व्हता. बापूंच्या हाताला कोन कायपन बोलू नका." काकी बायकांत बसली होती, ती तोंडाला पदर लावून त्याच्याकडे पाहत राहिली. मग तात्यांनी सांगितलं, ठाऊक असून नासका पाय घेऊन देवाखाली शिरलास, तेव्हा पालखीला तुझ्या घराचा खांदा आजपासून बंद. देवापुढे नारळ ठेव आणि चूक कबूल कर. "ठेवतंव," वसंता म्हणाला.

नारळ ठेवायला त्याला गाभाऱ्यापर्यंत वीसेक पावलं जायचं होतं. फरशी गुळगुळीत होती, तो एक एक कुबडी जपून टेकत चालला होता. बापूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाकावर वसंताचा पाय माझ्या हातात देऊन "बघ" म्हणाले होते, तसंच. ते वाट पाहत होते. वसंता खाली वाकायची खटपट करत होता, गुडघा वाकत नव्हता, नारळ ठेवायला त्याला दुसऱ्याचा हात लागत होता. त्याच्यापर्यंत जाणारा एवढ्या माणसांत एकच असायला हवा होता, आणि सगळ्या देवळात ते तिघांना माहीत होतं. माझे दोन्ही गुडघे धड होते. मी उठलो नाही.